हर्ट्झचे किलोहर्ट्झ, किलोचे मेगा : वारंवारतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिटेक्निकच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना एक गोष्ट पक्की कळली. एककांचं रूपांतर कुणालाच अवघड वाटत नाही, आणि म्हणूनच त्यात सगळ्यात जास्त मार्क जातात. खालचे प्रश्न वर्गातले आहेत, काही रेडिओच्या नादी लागलेल्या मित्रांचे आहेत आणि एक पेटी वाजवणाऱ्या शेजाऱ्यांचा.

हर्ट्झ म्हणजे नक्की काय मोजतो?

एखादी गोष्ट एका सेकंदात जितक्या वेळा पुन्हा घडते, तितके हर्ट्झ. झोपाळ्याला एक पूर्ण हेलकावा घ्यायला दोन सेकंद लागत असतील तर त्याची वारंवारता ०.५ हर्ट्झ. नाडीचे मिनिटाला ७२ ठोके पडत असतील तर ७२ भागिले ६०, म्हणजे १.२ हर्ट्झ. घरातल्या विजेची दिशा सेकंदाला ५० पूर्ण आवर्तनं करते, म्हणून ५० हर्ट्झ.

नाव हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं. विद्युतचुंबकीय लहरी खरोखरच असतात हे त्याने १८८६ ते १८८८ या काळात कार्लस्रुहेच्या प्रयोगशाळेत दाखवून दिलं आणि १८९४ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाचं एकक आंतरराष्ट्रीय एसआय पद्धतीत आलं ते १९६० मध्ये. त्याआधी सरळ 'सायकल्स पर सेकंद' म्हणत. आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओच्या डायलवर किलोसायकल, मेगासायकल असं छापलेलं दिसलं तर गोंधळू नका. किलोसायकल म्हणजेच किलोहर्ट्झ, आकडा तोच.

किलो, मेगा, गिगा, टेरा यांचा तक्ता पाठ करावा का?

करू नका. एकच गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक पायरी हजाराची.

१ किलोहर्ट्झ = १,००० हर्ट्झ
१ मेगाहर्ट्झ = १,००० किलोहर्ट्झ = १० लाख हर्ट्झ
१ गिगाहर्ट्झ = १,००० मेगाहर्ट्झ = १०० कोटी हर्ट्झ
१ टेराहर्ट्झ = १,००० गिगाहर्ट्झ = १ लाख कोटी हर्ट्झ

गुणायचं की भागायचं हा प्रश्न पडला तर पैसे-रुपये आठवा. पैशांचे रुपये करताना आकडा लहान होतो, कारण रुपया मोठा. तसंच लहान एककातून मोठ्यात जाताना भागा, मोठ्यातून लहानात येताना गुणा. दशांशचिन्ह तीन-तीन घरं सरकतं. डेका आणि हेक्टो हे दहा आणि शंभराचे उपसर्ग कागदावर आहेत, पण 'हेक्टोहर्ट्झ' म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एवढं सोपं आहे तर मुलं चुकतात कुठे?

स्वल्पविरामात. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

आपली मोजणी हजारापर्यंत तीन अंकांची आणि तिथून पुढे दोन-दोन अंकांची: हजार, लाख, कोटी. किलो-मेगा-गिगाची मोजणी मात्र शेवटपर्यंत तीन-तीनची. ९८.३ मेगाहर्ट्झ हे एफएम स्टेशन घ्या. त्याचे हर्ट्झ आपल्या पद्धतीने लिहिले तर ९,८३,००,०००, आणि तीन-तीनच्या पद्धतीने ९८,३००,०००. अंक तेच, स्वल्पविराम वेगळे. दुसऱ्या रूपात मेगाचा आकडा पहिल्या स्वल्पविरामापाशी आयता दिसतो: ९८. पहिल्या रूपात तिथे ९ दिसतो. मुलगा घाईत स्वल्पविराम मोजतो आणि ९.८३ मेगाहर्ट्झ लिहून मोकळा होतो. ते तर शॉर्टवेव्हवर आलं!

यावर दोन उपाय. पहिला, रूपांतराआधी सगळे स्वल्पविराम खोडा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट नव्याने पाडा. दुसरा मला जास्त आवडतो, कारण तो आपल्या मोजणीतूनच येतो: लाखांचे मेगा करताना दहाने भागा, कोटींचे मेगा करताना दहाने गुणा. ९८३ लाख हर्ट्झ म्हणजे ९८.३ मेगाहर्ट्झ. २४५ कोटी हर्ट्झ म्हणजे २,४५० मेगाहर्ट्झ, जी मायक्रोवेव्ह ओव्हनची वारंवारता. शंभर कोटी झाले की एक गिगा.

सरावासाठी एक मोठा आकडा देतो. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियमच्या अणूवर बेतलेली आहे आणि ती वारंवारता आहे ९,१९२,६३१,७७० हर्ट्झ. आधी तो मराठीत मोठ्याने वाचा: नऊशे एकोणीस कोटी सव्वीस लाख एकतीस हजार सातशे सत्तर. आता गिगाहर्ट्झ करा. ९.१९२६३१७७० आलं तर तुम्ही सुटलात.

आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ. मग मेगाहर्ट्झमध्ये का सांगत नाहीत?

सांगता येतं: ०.७९२ मेगाहर्ट्झ. पण शून्य पूर्णांकाने सुरू होणारा आकडा बोलायला कुणाला आवडतो? साधारण रिवाज असा की दशांशचिन्हाच्या डावीकडे १ ते ९९९ यांपैकी काहीतरी यावं असं एकक निवडायचं. रिवाजच तो, नियम नव्हे. म्हणून मीडियम वेव्हवरची काही केंद्रं हजाराच्या वर गेली तरी 'किलोहर्ट्झ'च म्हणतात. मुंबईच्या १०४४ ला कुणी १.०४४ मेगाहर्ट्झ म्हणत नाही, कारण सगळा पट्टा एकाच एककात असला की तुलना सोपी पडते.

मीडियम वेव्हचा विषय निघालाच आहे तर एक खेळ करून बघा. पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, नागपूर ५८५, सांगली १२५१. प्रत्येकातल्या अंकांची बेरीज करा. १८, १८, ९, १८, ९. पाचवीत शिकलेली नऊची कसोटी! हे सगळे आकडे ९ च्या पाढ्यातले आहेत. १९७५ साली जिनिव्हात झालेल्या परिषदेत आशिया, युरोप आणि आफ्रिकेसाठी मीडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवायचं ठरलं आणि १९७८ पासून ते अमलात आलं. अमेरिकेत हेच अंतर १० किलोहर्ट्झचं आहे.

याचा उपयोगही आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला डिजिटल रेडिओ इथे मीडियम वेव्हवर खरखर करतो, कारण तो ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो आणि ७९२ वर थांबतच नाही. अशा बऱ्याच रेडिओंच्या पाठीमागे किंवा बॅटरीच्या कप्प्यात ९/१० असं बारीक बटण असतं. रेडिओ बिघडला म्हणून दुकानात नेण्याआधी तेवढं बघा.

पूर्वी निवेदक 'अमुक मीटरवर' असंही म्हणत. मीटरचे किलोहर्ट्झ कसे करायचे?

इथे सावध. हे दशांशचिन्ह सरकवण्याचं काम नाही. मीटर ही तरंगलांबी, आणि ती वारंवारतेच्या उलट चालते: एक वाढली की दुसरी कमी होते. प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर, म्हणून सूत्र असं की ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. ३,००,००० भागिले ७९२ म्हणजे ३७८.८ मीटर. वेग काटेकोर, म्हणजे सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर धरला तर ३७८.५. मेगाहर्ट्झ असतील तर ३०० ला भागा. शॉर्टवेव्हच्या डायलवरचा ३१ मीटर बँड म्हणजे ३०० भागिले ३१, साधारण ९.७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा.

मिलिहर्ट्झ असं काही असतं का? की ती मेगाहर्ट्झची छपाईची चूक?

असतं. आणि चूकही असते, बऱ्याचदा.

मिली म्हणजे हजारावा भाग. इंग्रजी चिन्हांत मेगासाठी कॅपिटल एम आणि मिलीसाठी स्मॉल एम. एवढ्याशा फरकाने आकडा शंभर कोटी पटींनी बदलतो. मोबाइलवरून टाइप करणारे सर्रास स्मॉल एम लिहितात आणि वाचणाराही संदर्भावरून समजून घेतो, म्हणून ही सवय जात नाही. किलोचा के मात्र नेहमी स्मॉल, गिगा-टेराचे जी आणि टी कॅपिटल. हर्ट्झच्या चिन्हातला एच कॅपिटल कारण ते माणसाचं नाव, झेड स्मॉल. देवनागरीत हा घोळच नाही, मिली ते मिली आणि मेगा ते मेगा.

सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या आवर्तनाने धडधडत असतो. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, १ भागिले ३०० म्हणजे ०.००३३ हर्ट्झ, म्हणजेच ३.३ मिलिहर्ट्झ. त्याहून संथ काही हवं असेल तर कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन बसा. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे ४४,७०० सेकंद. १ भागिले ४४,७०० केलं की ०.००००२२४ हर्ट्झ, म्हणजे २२.४ मायक्रोहर्ट्झ (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग). समुद्राची वारंवारता मायक्रोहर्ट्झमध्ये मोजता येते हे मला स्वतःला बरीच वर्षं सुचलं नव्हतं.

हा फरक शास्त्रज्ञांच्याही रोजच्या कामाचा आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. असल्या जमिनीवरच्या वेधशाळा साधारण दहा हर्ट्झपासून काही किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरी टिपतात. १४ सप्टेंबर २०१५ ला सापडलेली पहिली लहर एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ३५ हर्ट्झवरून २५० हर्ट्झपर्यंत चढली होती. मिलिहर्ट्झमधल्या लहरींसाठी मात्र अवकाशातच उपकरण पाठवावं लागतं.

एक किलो म्हणजे १००० की १०२४? कॉम्प्युटरवाले वेगळंच सांगतात.

वारंवारतेत नेहमी १०००. १०२४ चा घोळ मेमरीच्या मापात आहे, तो तिथेच राहू द्या.

गंमत अशी की मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात, अर्थात ३२ गुणिले १०२४. निम्मं करत गेलं की पंधराव्या खेपेला बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. म्हणूनच तो निवडला. तरीही तो ३२ किलोहर्ट्झ म्हणून विकला जात नाही. डबीवर ३२.७६८ किलोहर्ट्झ असंच लिहिलेलं असतं.

मोटरीच्या पाटीवर १४४० आरपीएम आणि ५० हर्ट्झ, दोन्ही लिहिलेलं असतं. यातलं कुठलं खरं?

दोन्ही. ५० हर्ट्झ विजेचे, १४४० फेरे मोटरीच्या दांड्याचे. आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांना, ६० ने भागलं की दांड्याची वारंवारता मिळते: १४४० भागिले ६०, म्हणजे २४ हर्ट्झ.

चार पोलच्या, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांच्या मोटरीत चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे १५०० फेरे घेतं. दांडा त्याच्या थोडा मागे राहतो, त्याला स्लिप म्हणतात, म्हणून पाटीवर १४४०. विहिरीवरच्या दोन पोलच्या पंपाला क्षेत्र ३००० चं आणि पाटी २८८० ची. मिस्त्री लोक 'चौदाशेचाळीसची मोटर' म्हणतात तेव्हा त्यांना पोलही कळलेले असतात, सूत्र न लावता.

परीक्षेत कधी 'रेडियन प्रति सेकंद' विचारतात. तेव्हा हर्ट्झला दोन पायने (२π), म्हणजे ६.२८३ ने गुणा. ५० हर्ट्झचे ३१४ होतात. या आकड्याला हर्ट्झ म्हणू नका, गुण जातील.

वीज बरोबर ५० हर्ट्झच असते का?

नाही, ती सतत हलत असते. मागणी वाढली की उतरते, उत्पादन जास्त झालं की चढते. आपल्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान ठेवायची असते. या पट्ट्याची रुंदी ०.१५ हर्ट्झ, म्हणजे १५० मिलिहर्ट्झ. बघा, मिलिहर्ट्झ पुन्हा आला आणि या वेळी थेट घरच्या बोर्डातून.

३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून नागपूरच्या पंख्यामागची आणि चेन्नईच्या पंख्यामागची वीज एकाच तालात चालते. त्याआधी दक्षिणेचं ५० आणि आपलं ५० हे दोन वेगळे ५० होते.

हर्ट्झवरून वेळ कसा काढायचा?

१ ला हर्ट्झने भागा, आवर्तकाल सेकंदात मिळतो. ५० हर्ट्झला ०.०२ सेकंद, म्हणजे २० मिलिसेकंद. जोड्या लक्षात ठेवल्या की शून्यं मोजावी लागत नाहीत: किलोहर्ट्झची जोडी मिलिसेकंदाशी, मेगाची मायक्रोसेकंदाशी, गिगाची नॅनोसेकंदाशी. ४ मेगाहर्ट्झ? १ भागिले ४, म्हणजे ०.२५ मायक्रोसेकंद. झालं. नवीन फोनचा पडदा १२० हर्ट्झचा असेल तर एक चित्र ८.३ मिलिसेकंद टिकतं, ६० हर्ट्झच्या पडद्यावर १६.७.

पेटीचा सूर हर्ट्झमध्ये कसा सांगायचा?

हा शेजाऱ्यांचा प्रश्न. पांढरी सहा ४४० हर्ट्झला लावलेली असेल तर त्याच सप्तकातली काळी एक २७७.२ हर्ट्झला येते. किलोहर्ट्झमध्ये ०.४४ आणि ०.२७७२. गाणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, पण साउंडवाल्याच्या इक्वलायझरवर १ केच्या, म्हणजे १ किलोहर्ट्झच्या, डावीकडे काय येतं ते त्यावरून कळतं.

खरी मजा पुढे आहे. मध्य षड्जाची वारंवारता दुप्पट केली की तार षड्ज. सप्तक दुपटीने चढतं, किलो-मेगा हजारपटीने. २ चा दहावा घात १०२४, म्हणून उपसर्गाची एक पायरी म्हणजे जवळजवळ दहा सप्तकं. तरुण, निरोगी कानाला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ऐकू येतं असं पुस्तकात असतं, ते बरोबर हजारपट. म्हणजे माणसाच्या सगळ्या ऐकण्याला दहा सप्तकं पुरतात, आणि चांगला गवय्या त्यातल्या तिनात मैफल मारून नेतो.

वायफायचे ५ गिगाहर्ट्झ आणि मोबाइलचं ५जी एकच ना?

मुळीच नाही. ५जी मधला जी 'जनरेशन'चा, पाचवी पिढी. आपल्याकडचं ५जी मुख्यतः ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ३,५०० मेगाहर्ट्झवर चालतं, आणि ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही त्यात आहे, जो १ गिगाच्याही खाली, ०.७ वर आला. वायफायचे मात्र खरेच गिगाहर्ट्झ. राउटरवर '२.४' लिहिलेलं असलं तरी सहावं चॅनल २,४३७ मेगाहर्ट्झवर असतं, म्हणजे २.४३७ गिगाहर्ट्झ.

दुकानात '३२०० मेगाहर्ट्झची रॅम' मागणाऱ्यांसाठी जाताजाता: डीडीआर४ च्या त्या रॅमचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं असतं. प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून ३२००.

उत्तरात दशांशानंतर किती अंक ठेवायचे?

दिलेल्या आकड्यात जेवढे खरे अंक आहेत तेवढे. एकक बदललं म्हणून अचूकता वाढत नाही आणि कमीही होऊ द्यायची नाही. हे किती महाग पडू शकतं ते नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन समजतं. तिथे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. अवकाशातला हायड्रोजन १,४२०.४०५७५ मेगाहर्ट्झवर बोलतो. तो आपल्याकडे येत असेल तर वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर घटते, आणि त्यावरून वेग काढतात.

आता एखाद्याने 'जवळपासच आहे की' म्हणून ते १.४२ गिगाहर्ट्झ लिहिलं, म्हणजे १,४२०.०० मेगाहर्ट्झ. उडाले किती? ०.४०५७५ मेगाहर्ट्झ. या वारंवारतेवर १ मेगाहर्ट्झचा फरक सेकंदाला २११ किलोमीटर वेगाइतका पडतो. म्हणजे जागच्या जागी असलेला ढग तुमच्या वहीत सेकंदाला जवळपास ८६ किलोमीटरच्या वेगाने पळायला लागला. त्यापेक्षा १.४२०४०५७५ लिहा, सहा अंक जास्त लिहून पेन झिजत नाही.

बेक्वेरेल हेही 'दर सेकंदाला' असतं. मग १ बेक्वेरेल म्हणजे १ हर्ट्झ का?

एककं सारखी दिसतात, पण नाही. हर्ट्झ ठरावीक तालात पुन्हा घडणाऱ्या गोष्टींसाठी. किरणोत्सारी अणू कधी फुटेल याला ताल नसतो, म्हणून तिथे बेक्वेरेल.

टेराहर्ट्झच्या पुढे काय?

पेटा, मग एक्सा. डोळ्याला दिसणारा प्रकाश अजून टेराहर्ट्झमध्येच आहे, साधारण ४०० ते ७९० च्या दरम्यान. प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक कँडेला ठरवतानाही ५४० टेराहर्ट्झचा हिरवा प्रकाश धरतात. ५४० टेराहर्ट्झ म्हणजे ०.५४ पेटाहर्ट्झ.

त्यापुढे लोक हर्ट्झ सोडून देतात आणि इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेच्या एककात बोलतात. १ इलेक्ट्रॉनव्होल्टचे सुमारे २४२ टेराहर्ट्झ होतात. दातांच्या डॉक्टरकडचं एक्स-रे मशीन ७० किलोव्होल्टवर लावलेलं असेल तर त्यातून निघणाऱ्या सगळ्यात जोरकस किरणाची ऊर्जा ७० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. २४२ ने गुणा: १ कोटी ६९ लाख टेराहर्ट्झ, म्हणजे जवळपास १७ एक्साहर्ट्झ. हिशेब बरोबर आहे. पण डॉक्टरांना सांगून बघा, ते तुम्हाला आधी तोंड उघडायला सांगतील.